मोजे घातले

"मोजे घातली नाही, रुचिरा. घातले. मोजा पुल्लिंगी."

पद्माकरांनी लाल पेनाने रेघ मारली. केंद्र सरकारच्या अनुवाद विभागात त्यांची अख्खी हयात अशी रेघा मारण्यात गेली होती. समोर मुलीने लिहून आणलेला कागद होता. संध्याकाळी नोएडाच्या मराठी मंडळात त्यांच्या पत्नीची, शालिनीची शोकसभा होती.

रुचिराने लिहिलं होतं : 'आईचे पाय एकदम ठंडे झाले होते. मी माझे मोजे काढून तिला घातली. डॉक्टर म्हणाला, अब ज़रूरत नहीं है. मी तरी घातली.'

शालिनी गेली तेव्हा पद्माकर खाली औषधांच्या रांगेत होते. मोज्यांचं त्यांना आज, या कागदावरूनच कळत होतं. क्षणभर पेन थांबलं. मग त्यांनी 'ठंडे' खोडून 'गार' केलं.

"बाबा, ठीक आहे का पण?"

"भाव आहे गं. भाषा हवी ना. मी नीट करून देतो."

सभेत रुचिराने वडिलांच्या अक्षरातला कागद वाचला. "आईचे पाय गार पडले होते, म्हणून मी माझे मोजे काढून तिच्या पायांत घातले. तथापि, आता त्यांची आवश्यकता नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले."

कुणी डोळे पुसले नाहीत. मागच्या रांगेत एकाने हळूच घड्याळ पाहिलं. रुचिरा कोरड्या आवाजात शेवटपर्यंत वाचत गेली. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब उठून म्हणाले, "दिल्लीत वाढलेली मुलगी, पण काय शुद्ध मराठी! पद्माकरराव, तुमचे संस्कार."

पद्माकरांनी हात जोडले. 'मी तरी घातली' हे वाक्य पुनरुक्ती म्हणून त्यांनी काढून टाकलं होतं. आता ते एकच वाक्य त्यांच्या कानांत वाजत राहिलं.

घरी आल्यावर चपला काढता काढता ते म्हणाले, "रुचिरा, तू लिहिलेलं ते आधीचं... मला एकदा वाचून दाखवतेस?"

"फाड़ दिया, बाबा." ती स्वयंपाकघरात गेली. "खाना लगा दूँ?"

या घरात त्यांच्याशी ती कधी हिंदीत बोलली नव्हती. ते काहीतरी म्हणणार होते.

"हाँ," ते म्हणाले.

तिने दोन ताटं मांडली.