समुद्राला करवत लागली तेव्हा

हो, मीच बोलतोय! टेबलावर मावणारा समुद्र. धक्क्यातून अजून सावरलेलो नाही, तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

जर्मनीतल्या होल्झमाडेन गावच्या गेबहार्टने मला घडवलं. त्याचा जन्म गेला काळ्या पाटीच्या दगडाच्या खाणीत. या गावात दगड फोडला की आतून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जलचर निघतात. मग दगडात जे दिसेल तेच खरं, त्यावर कुणी वाद घालत नाही.

त्याने त्या जलचरांपैकीच एक, मातीची इक्थिओसॉर मादी केली. लांब तोंडाची, डॉल्फिनसारखी. खाणीतल्या शिळेत होती तश्शीच: बाळ अर्धं बाहेर, अर्धं पोटात. मग तिच्याभोवती थरावर थर देत काचेसारखं गोठणारं निळसर रेझिन ओतलं; तेच तिचं पाणी, तोच मी. मी हळूहळू घट्ट झालो. स्वतःवर भलताच खूश होतो, खोटं कशाला बोलू?

रविवारी त्याची मुलगी मेख्टिल्ड जेवायला आली. तिला आठवा महिना. तिची आई इर्मट्राउट मसूर आणि शेवया वाढत होती. मेख्टिल्डची नजर माझ्यातल्या मादीवर गेली.

"बाबा, हिचं बाळ सुटलं ना शेवटी?"

"छे! अडकलं. दोघंही तशीच गेली," गेबहार्ट कौतुकाने म्हणाला. "हुबेहूब जमलंय की नाही?"

मेख्टिल्ड पांढरीफटक पडली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" इर्मट्राउट कडाडली. "पोरीसमोर काय बोलतोस!"

"अगं, दगडात तसंच आहे..."

"मग आजपासून दगडालाच सांग जेवायला वाढ म्हणून!"

"बाबा," मेख्टिल्ड हळूच म्हणाली, "माझं बाळ आडवं आहे. डॉक्टर म्हणतात, अवघड आहे. तेच सांगायला आले होते."

गेबहार्ट उठला. मला वाटलं, तिला पाणी आणतोय. त्याने करवत आणली! आणि चालवली थेट माझ्या पोटात! मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण माझं ऐकतंय कोण? त्याने बाळ मोकळं केलं, त्याचं राहिलेलं अर्धं अंग घडवलं, आईच्या तोंडापाशी पोहायला सोडलं आणि नवं रेझिन ओतून मला पुन्हा भरलं.

महिन्याभराने मेख्टिल्डचं पोट चिरूनच बाळ काढावं लागलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

आता गावकरी येतात नि नाकं मुरडतात, "गेबहार्ट, शिळेत असं नाही."

"शिळा चुकली," तो म्हणतो. होल्झमाडेनमध्ये असं बोलणारा हा पहिलाच!

माझ्या अंगावर सांधा राहिलाय, पांढरट, वाकडा. तो कुणी घासून गुळगुळीत करू नका, एवढंच मागणं. काल मेख्टिल्ड लेकीला कडेवर घेऊन आली, तिने सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "तुलाही चिरलं ना रे?"