शांत पेशी

सुल्गीने हातमोजे ओरबाडून काढले आणि कचऱ्याच्या डब्यात फेकले.

"सर, उंदीर बदलले, रसायनं बदलली, यंत्रसुद्धा बदललं. आता काय, मलाच बदलताय?"

प्राध्यापक बांग यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "तुझ्या नमुन्यात भेसळ आहे. पुन्हा कर."

दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या त्या प्रयोगशाळेत ती हेच ऐकून ऐकून विटली होती. आतड्यात काही पेशी शांतता राखतात. शरीराने अन्नावरच तुटून पडू नये म्हणून त्या इतर पेशींना आवरतात. अशी पेशी जन्मभर शांतच राहते, हे सरांचे म्हणणे. त्यावर त्यांचे नाव झाले होते, आणि त्यावरच नवा उपचार बेतला होता: आतड्याच्या दाहाने खंगलेल्या रुग्णाच्याच शांत पेशी बाहेर वाढवून त्याला परत द्यायच्या. पहिल्या रुग्णाला येत्या सोमवारी.

सुल्गीने उंदरांच्या शांत पेशींवर कधीच न पुसली जाणारी लाल खूण केली होती. आणि सुजलेल्या आतड्यात नेमक्या त्याच लाल पेशी आग भडकवत होत्या.

"भेसळ असती तर त्यांच्यावर खूण कशी असती?" तिचा आवाज चढला. "झोपलेल्याला उठवता येतं सर, सोंग घेतलेल्याला नाही!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सर मात्र उठले, त्यांनी प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला आणि स्वतःच प्रयोगाला बसले. हाताची सवय गेलेली. एकेक थेंब टाकायला युगे लागत होती. नळी हिसकावून घ्यावी असे सुल्गीला दहादा वाटले.

दुपार कलताना पडद्यावर, आग भडकवणाऱ्या पेशींमध्येच, लाल ठिपके उमटले. सरांनी ते एकेक करून मोजले. मग त्यांनी फोन उचलला.

"डॉक्टर, सोमवारचं थांबवा. हो, माझीच चूक. रुग्णाला तुम्ही कळवू नका, मी सांगतो."

झाले एकदाचे! सुल्गी खडाखडा नळ्या आवरू लागली. सरांनी दुसरा फोन लावला.

"चेरिन, बाबा बोलतोय गं. पेज तरी गेली का पोटात?" ते थोडा वेळ ऐकत राहिले. "बरं, ऐक. दवाखान्याची बॅग भरू नकोस आत्ताच."

सुल्गीने हातातल्या नळ्या आवाज न होऊ देता खाली ठेवल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतले.