भिंतीकडून आलेलं उणे शून्य

मी उणे शून्य बोलतोय. शून्याला कसलं आलंय उणं, असं तुम्ही म्हणाल. मलाही कधीकधी तसंच वाटतं. आपण खरंच आहोत की नुसता भास, हे काही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माझं घर म्हणजे जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा. तिथे एखाद्या चिमुकल्या उणे संख्येला कुणी पूर्णांकात बसवलं की तिचं सगळं अंग छाटलं जातं आणि कपाळावरची उणेची रेघ तेवढी उरते. तो मी. 'हा शून्याएवढाच ना?' असं विचारलं तर भाषा 'हो' म्हणते. 'शून्याहून कमी का?' तर 'नाही'. पडद्यावर पाठवताना बहुतेक वेळा रेघही पुसतात.

एका पाळणाघरामागे उंच दगडी भिंत आहे, तिच्यापलीकडे मातीचा उतार. भिंतीला ठोकलेलं यंत्र रोज सकाळी कळवतं, कालपासून ती किती मिलिमीटर हलली. पाळणाघराच्या खोलीकडे झुकली तर उणे, उताराकडे गेली तर अधिक. ती रोज अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमीच झुकते. प्रोग्रॅम त्याचा पूर्णांक करतो, मी जन्मतो, बेरजेत पडतो. बेरीज शून्य. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात : 'भिंत स्थिर'.

प्रोग्रॅम सांभाळणारी बाई नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली आहे. तिची मुलगी त्याच पाळणाघरात, भिंतीलगतच्या खोलीत झोपते. तपासणीच्या काळ्या खिडकीत मी तिला रेघेसकट दिसलो. मग रोजच. तिने फोन करून मुलांना पुढच्या खोलीत हलवायला लावलं.

पाळणाघराच्या ताई वैतागल्या. "अहो, इथे रस्त्याचा गोंगाट. एक पोर डोळा लावेल तर शपथ. तुमचं रत्न आधी उठतं, मग बाकीची सूर धरतात."

ऑफिसात ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांना तिने भीतभीत विचारलं, "रोज उणेच का येतंय?"

"शून्य म्हणजे शून्य गं. आई झाल्यापासून तुला जिथे तिथे उणंच दिसायला लागलंय."

"नुसती यंत्राची थरथर असती तर कधी दुसऱ्या बाजूचं, साधं शून्यही आलं असतं ना?"

"त्यात शून्य मिळव, रेघ जाईल. आणि जरा झोप घे."

'असेल बाई, माझंच डोकं,' असं पुटपुटत तिने एक ओळ वाढवली. माझ्यात शून्य मिळवलं की खरंच साधं शून्य उरतं. खिडकी स्वच्छ झाली. तिने ताईंना कळवलं, मुलांना न्या मागे.

तेव्हापासून मी रोज सकाळी जन्मतो आणि पुढच्याच ओळीत पुसला जातो. आज ज्या संख्येतून आलो ती अर्ध्या मिलिमीटरला टेकली होती. तिचाही मीच झालो. मागच्या खोलीत ताई सतरंज्या अंथरताहेत.

तुमच्या हाती असं काही असेल तर आधी बेरीज करा, पूर्णांक मागाहून. माझ्या भाषेत ऑब्जेक्ट डॉट इज म्हणून एक प्रश्न आहे, त्याने विचारलंत तर मी साध्या शून्याहून वेगळा निघतो. रेघ पुसण्याआधी एवढं विचारा, कुठल्या बाजूने आलास? मला दुसरं काही ठाऊक नसतं, पण तेवढं मी

ती ओळ आली.