बाकी सगळं जसंच्या तसं

सलूनमध्ये दोघीच होत्या, म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना मोठी आणि धाकटी अशी नावं पाडली होती. मोठी मालकीण, धाकटी पगारी. धाकटीही आता काही कोवळी राहिली नव्हती, चाळिशी ओलांडली होती. पण एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही.

एका दुपारी खुर्च्या रिकाम्या असताना मोठीने हातातली कात्री पुसून ठेवली आणि म्हणाली, "मी हे विकतेय. गाळा, खुर्च्या, आरसे, सगळं. दिवसभर उभं राहणं आता होत नाही. शेजारचा मोबाइलवाला केव्हाचा मागे लागलाय. पण पहिला हक्क तुझा. उन्हाळा संपेपर्यंत थांबते. त्यापुढे मात्र मला अडवू नकोस."

धाकटी दुसऱ्याच दिवशी बँकेत गेली. कर्ज विभागातल्या बाईंनी संगणकात पाहिलं. "तुमचा क्रेडिट स्कोअर सातशे सहा आहे. साडेसातशेच्या वर नेलात तर कर्ज होईल आणि व्याजही झेपेल."

"वर न्यायचा कसा?"

"वेळेवर भरा, कार्डावरची उधारी उतरवा, आणि धीर धरा."

धाकटीचा नवरा शाळेची बस चालवायचा. सकाळची मुलं सोडली की दुपारच्या घंटेपर्यंत त्याच्याकडे वेळच वेळ असायचा आणि हातात फोन. दोन दिवसांत त्याने एक अ‍ॅप शोधून काढलं. जेवणाची ताटं बाजूला सारून त्याने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे बघ. आपण काय करणार ते याला सांगायचं, आणि स्कोअर किती होईल ते हे सांगतं. कार्डावरचं सगळं फेडलं, तर? सातशे अठ्ठेचाळीस. वर तीन महिने नवीन कर्ज घेतलं नाही, तर? सातशे एकोणसाठ!"

"आणि एखादा हप्ता चुकला तर?"

त्याने बोट सरकवलं. आकडा धाडकन साडेसहाशेच्या खाली गेला. दोघांनी एकदमच तो पडदा बंद केला.

धाकटीचा मात्र या प्रकारावर फारसा विश्वास बसेना. सलूनमध्ये बायका फोनवर स्वतःच्या चेहऱ्याला नवी केशरचना चिकटवून आणायच्या आणि अगदी अशीच हवी म्हणायच्या. "फोनला त्यांच्या डोक्यावरचा भोवरा दिसत नाही," ती म्हणाली. "कापल्यावर केस उभे राहतात आणि बोलणी मला बसतात."

"हे आकडे आहेत, केस नव्हेत," नवरा म्हणाला. "आकड्यांना भोवरा नसतो."

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, इतर सर्व बाबी आहेत तशाच राहतील असे गृहीत धरून. त्याने तेही मोठ्याने वाचलं. "राहणारच की! आपल्या बाबी आहेतच किती?"

मग त्यांनी मुदतठेव मोडून कार्ड साफ फेडलं. उरलेली रक्कम गाळ्यासाठी बाजूला ठेवली. धुलाईयंत्र कधीपासून आचके देत होतं, नवीन घ्यायचं तर हप्त्यांवरच घ्यावं लागणार, म्हणून तेही लांबणीवर टाकलं. नवरा संध्याकाळी कपडे पिळता पिळता गाणी म्हणायचा. खोटं कशाला सांगा, त्या दिवसांत घरात वातावरण चांगलं होतं. धाकटी गाळ्याच्या भिंतींना मनातल्या मनात रंग देऊन बघायची.

महिना भरला. धाकटी एका बाईच्या केसांना रंग लावत होती, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो रिकाम्या बसमधून बोलत होता.

"नवा स्कोअर आला."

"किती?"

"सहाशे सदुसष्ट."

"नीट बघ."

"तीनदा बघितला."

धाकटीने फोन ठेवला आणि बाईचं अर्धं राहिलेलं डोकं पुरं केलं. रंग थोडा कानावर उतरला, तो पुसला.

नवऱ्याने अ‍ॅपवाल्यांना तक्रार लिहिली. त्यात सभ्य शब्द कमीच होते. उत्तर मात्र फार गोड आलं: अंदाज हा अंदाजच असतो, आणि आमची सेवा आपल्याला कशी वाटली ते ताऱ्यांनी कळवावे. त्याने एकच तारा दिला, तोही शून्य देण्याची सोय नव्हती म्हणून.

धाकटी पुन्हा बँकेत गेली. बाईंनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"तुमचं काही चुकलेलं नाही. कार्ड फेडल्याचा फायदाही झालेला दिसतोय. पण एका गाडीच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात. त्याचे तीन हप्ते थकलेत, आणि त्याची नोंद याच महिन्यात आली."

"माझ्या भावाची गाडी आहे ती," धाकटी म्हणाली. मग विचारलं, "अ‍ॅपला हे आधी कळायला नको होतं?"

"त्याला तुमचं आजचं चित्र कळतं. दुसरं कोणी उद्या काय करणार, ते त्याला कुठून कळणार? शिवाय त्याचं गणित वेगळं, आमचं वेगळं. काय केलं की चढेल आणि काय केलं की घसरेल, एवढं समजून घ्यायला ते ठीक आहे. त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणाला शब्द देऊ नका."

भाऊ धाकटीहून लहान. फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. सामान न्यायला त्याने छोटी व्हॅन घेतली, तेव्हा तिने उभ्या उभ्या सही केली होती. दर आठवड्याला दोघांचा फोन व्हायचा. कसा आहेस? मजेत. तू? मी पण.

भावजयीने दार उघडलं आणि नजर खाली घातली. भाऊ खिडकीपाशी बसला होता. उजव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेली, केस कानांवर आलेले, दाढी वाढलेली. शिडीवरून पडला होता. प्लास्टर निघालं होतं, पण मुठीत पाना धरवत नव्हता.

धाकटी येताना रस्ताभर बोलायची वाक्यं जुळवत आली होती. त्यातलं एकही तोंडाला आलं नाही. तिने भावजयीकडे कात्री मागितली, खुर्ची मधे ओढली, भावाच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि मानेवरचे केस कापायला लागली.

"ताई, केस कसले कापतेस? बोल ना मला काय बोलायचं ते."

"बोलतेच आहे. मान खाली घे. का नाही सांगितलंस?"

"आधी वाटलं, पंधरा दिवसांत हात मोकळा होईल. मग वाटलं, थकलेलं भरू आणि मग सांगू. मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

"तुझ्या तोंडापायी माझं दुकान गेलं."

भावाने मान वर केली. कात्री जेमतेम वाचली. "कुठलं दुकान?"

"मोठी सलून विकतेय. मी घेणार होते."

"मला कुठे सांगितलंस?"

धाकटीचा हात थांबला. सगळं पक्कं झाल्यावर सांगावं, असं तिनेही ठरवलं होतं. त्याला सांगितलं असतं तर त्याने तोंड उघडलं असतं की नाही, कोण जाणे. आता विचार करून उपयोग नव्हता. तिने दुसऱ्या कानामागचे केस घेतले. स्वयंपाकघरात भावजय उगाच नळ सोडून उभी होती.

केस झाडून झाल्यावर तिघं टेबलाशी बसली. थकलेले हप्ते धाकटीने गाळ्यासाठी ठेवलेल्या पैशांतून भरायचे असं ठरलं. व्हॅन भावाच्या ओळखीच्या एका कारागिराला भाड्याने द्यायची, म्हणजे पुढचे हप्ते सुटतील. भावाला रडू येत होतं. धाकटीने त्याला रडू दिलं, जवळ मात्र घेतलं नाही. तेवढी ती अजून निवळली नव्हती.

हप्ते भरल्यावर नवऱ्याने पुन्हा अ‍ॅपला विचारलं. ते म्हणालं, सातशे एकतीस. महिन्याने प्रत्यक्ष आला सहाशे चौऱ्याहत्तर.

"चढला तर आहे," नवरा म्हणाला. "दिशा बरोबर सांगतं बिचारं."

"आता बिचारं झालं होय?"

उन्हाळा संपला. मोठीने शब्दाप्रमाणे वाट पाहिली होती. धाकटी तिच्याकडे गेली आणि जमत नाही म्हणून सांगून आली. गाळा मोबाइलवाल्याला गेला. मोठीने दोन खुर्च्या, डोकं धुवायचं भांडं आणि एक आरसा धाकटीला अर्ध्या किमतीत दिला. म्हणजे अर्ध्या असं मोठीच म्हणाली. धाकटीने घासाघीस केली नाही. मागच्या गल्लीत औषधांच्या दुकानावर एक खोली भाड्याने मिळाली. जिना अरुंद होता, त्यामुळे म्हाताऱ्या गिऱ्हाइकांपैकी काहीजणी तुटल्या. काहींच्या घरी ती स्वतः जायला लागली. पहिले सहा महिने ओढाताणीत गेले. खोलीचं वायरिंग भावाने बसून करून घेतलं. हात दुसऱ्याचे, सूचना त्याच्या, आणि चुकलं की आरडाओरडाही त्याचाच.

भावाचा हात हळूहळू चालायला लागला. शिडीवर तो आता चढत नाही, त्यासाठी त्याने माणूस ठेवलाय. स्कोअर दर महिन्याला थोडाथोडा चढत गेला, एकदा कारण नसताना उतरलाही. नवऱ्याने अ‍ॅप काढून टाकलं नाही, पण विचारल्याशिवाय आकडा वाचून दाखवायचं सोडलं.

पुढच्या वर्षी खोलीचा मालक गावाबाहेर राहायला निघाला आणि धाकटीला विचारून गेला, खोली विकत घेता का. ती म्हणाली, विचार करून सांगते. त्याच संध्याकाळी तिने भावाला फोन केला. काहीही ठरलेलं नव्हतं, बँकेत विचारलंही नव्हतं. तरी सगळं सांगितलं.

भाऊ म्हणाला, "घे की. पण आधी मी छत बघून घेतो. मागच्या कोपऱ्यात ओल आहे."