पाचवा शब्द

दोना क्लेउझा येणार होत्या मंगळवारी दहा वाजता. सोमवारी दुपारी इवोनेने घरातला एकमेव नियम मोडला.

नियम तिचाच होता. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तो प्रश्न लेकीला, माइआराला, विचारायचा नाही. नऊ वर्षं गावच्या शाळेत असेच प्रश्न विचारून इवोने कंटाळली, नोकरी सोडली आणि पोरीला शाळेत घातलंच नाही. माइआराने एक अख्खं वर्ष मुंग्यांच्या मागे घालवलं. पुढे चीजचं वजन, दुधाचं फाटणं, ओढ्यावरचा बांध. अक्षरांकडे ती अजून वळली नव्हती, आणि तिला सातवं संपत आलं होतं.

कुणीतरी बालकल्याण समितीला फोन केला. पहिल्या भेटीत समितीच्या बाई, दोना क्लेउझा, घर बघून गेल्या. या खेपेला त्या मुलीशी बोलणार होत्या आणि शेरा लिहिणार होत्या. शेरा वाईट पडला तर प्रकरण न्यायाधीशापुढे जाणार. शेजारच्या गावात अशाच एका घरातली दोन मुलं चार महिने आजीकडे ठेवली होती, हे इवोनेला माहीत होतं. तेवढं एकच तिच्या डोक्यात घोळत होतं. "तूच मास्तरीण ना, मग शिकव की एका दिवसात," असं नवरा आदेमीर दूध संघात जाताना बोलून गेला. तो टोमणा होता की सल्ला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तिने कासवाचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानावरच्या चार ओळी पोरीकडून पाठ करून घेतल्या. माइआराने एकदाच विचारलं, "तुला येतंय ना हे? मग मला का विचारतेस?" इवोने म्हणाली, उद्या मावशी विचारतील. त्यानंतर पोरीने काही विचारलं नाही. ओळी म्हणत राहिली.

मंगळवारी दोना क्लेउझा वेळेवर आल्या. साठीच्या, जाड भिंगांच्या, बोलायला मऊ. कॉफी घेतली, चीजचा एक पाव खाल्ला, दुसरा नको म्हणाल्या. फाइल मांडीवर उघडली आणि माइआराला विचारलं, सात आणि आठ किती?

"तुला माहीत नाही?" माइआरा म्हणाली.

दोना क्लेउझांनी भिंगांवरून पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की बाईंचं कुठेतरी अडलंय. तिने बोटांवर मोजून पंधरा सांगितले आणि वर म्हणाली, "परत अडलं तर सांग."

दोना क्लेउझांनी काहीतरी लिहिलं. मग पुस्तक मागितलं. पुस्तक आपोआप पहिल्या पानावर उघडलं, कारण आदल्या दिवशी ते तिथेच दाबून धरलं होतं.

"कासव डोंगर चढलं. वाटेत पाऊस आला." माइआराने चारही ओळी न अडखळता म्हटल्या. नजर आईकडे होती.

दोना क्लेउझांनी मान हलवली, पेन टेकवलं, आणि थांबल्या. मग पानावर एका शब्दावर बोट ठेवलं. हा कुठला?

माइआरा पानाकडे वाकली. पहिल्यांदाच. ओळीच्या सुरुवातीपासून एकेका शब्दावर बोट ठेवत निघाली. "कासव. डों. गर. चढलं." पाचव्या शब्दावर बोट पोचलं तेव्हा तोंडात आलं, "वाटेत."

तिथे पाऊस लिहिला होता; डोंगरालाच दोन शब्द गेले होते.

इवोनेला वाटलं, आता आपण म्हणावं की ती लाजते. तिने तसं म्हटलं नाही.

"काल पाठ करून घेतलं मी," ती म्हणाली. "तिला वाचता येत नाही."

दोना क्लेउझांनी पेनाला टोपण लावलं. "ते पहिल्या ओळीलाच कळलं. बाई, सात वर्षांची निम्मी पोरं शाळेतही वाचत नाहीत. 'अजून नाही' एवढंच लिहिलं असतं मी. आता पढवलं म्हणून लिहावं लागेल. पढवलं लिहिलं की कागद वर, न्यायाधीशाकडे जातो."

इवोनेने विचारलं, मुलीला नेतील का? त्या म्हणाल्या, ते मी ठरवत नाही. पण आजवर खोटं बोलणाऱ्या घरांचंच वाईट झालेलं बघितलंय.

"मावशी," माइआरा मध्येच म्हणाली. बोट अजून पाचव्या शब्दावर होतं. "हा वाटेत नाही ना? मग कुठला?"

दोना क्लेउझांनी इवोनेकडे पाहिलं. इवोनेचे ओठ उत्तर द्यायला उघडले होते, ते तिने मिटले, कारण प्रश्न तिला विचारलेला नव्हता.

"पाऊस," दोना क्लेउझा म्हणाल्या.

माइआराने पान खालपर्यंत शोधलं. शेवटच्या ओळीत तिला तसाच दुसरा शब्द सापडला. "इथे पण पडतोय," ती म्हणाली, आणि पान उलटून पुढे बघू लागली.

टोपण पुन्हा निघालं. दोना क्लेउझांनी बराच वेळ लिहिलं आणि कागद सहीसाठी सरकवला. 'वाचन' या रकान्यापुढे तीन वाक्यं होती. आईने पढवलेल्या ओळी म्हटल्या. दाखवलेला शब्द ओळखता आला नाही. तो स्वतःहून विचारून घेतला आणि दुसरीकडे शोधून काढला. खाली सुनावणीची तारीख, चौदा नोव्हेंबर.

इवोनेने तिन्ही वाक्यं दोनदा वाचली. एकही खोडण्यासारखं नव्हतं. तिने सही केली.