एकतीस तारखेची पाळी

मीटर : १९३

अमृतरावांचा श्वास महिन्याला दोनशे चाळीस युनिट खायचा.

हे गणित मयूरीनं मांडलं होतं. मयूरी म्हणजे थोरल्या संतोषची पोर, आठवीतली. शाळेतल्या सरांनी तक्ता करून आणायला सांगितला होता, घरातल्या कोणत्या वस्तू किती करंट खातात त्याचा. पोरीनं तेलुगूत झकास तक्ता केला. सगळ्यात वर पाणी तापवायचा रॉड, मग इस्त्री, मग बोरची मोटर, मग मिक्सर, कूलर, टीव्ही, फ्रीज. सगळ्यात खाली, मागून आठवलं म्हणून, आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन. सरांनी सगळ्यांवर बरोबरच्या खुणा केल्या आणि शेवटच्या ओळीवर लाल रेघ मारली. 'ही घरगुती वस्तू नाही.'

तो तक्ता ओसरीत अमृतरावांच्या खाटेवरच चिकटवलेला होता, लाल रेघेसकट.

रेघ सरांची चुकलीच होती. तक्ता रोज बघून बघून सपनाला, मयूरीच्या आईला, एक गोष्ट कळली होती. जास्त ओढणारं वेगळं आणि जास्त खाणारं वेगळं. रॉड मोठा आडदांड, पण दहा मिनिटांत बादली तापवून खुंटीवर जातो. मशीन बिचारं कूलरपेक्षा थोडंच जास्त ओढतं, पण ते झोपत नाही. दिवसाला आठ युनिट. तीस दिवसांचे दोनशे चाळीस. आणि सरकारचं म्हणणं असं, की दोनशेच्या आत राहिलात तर बिल शून्य, दोनशे एक झाले की पहिल्या युनिटापासून सगळं भरा.

म्हणून मग पाळी लावली.

म्हाताऱ्यांची पाळी गावाला नवी नाही. पंधरा दिवस थोरल्याकडं, पंधरा दिवस धाकट्याकडं; म्हातारा आपलं बोचकं उचलतो आणि या दारातून त्या दारात जातो. इथं म्हातारा हलण्यासारखा नव्हता. आदिलाबादच्या जिनिंगात बत्तीस वर्षं गाठींच्या प्रेसवर काढलेली, छातीत कापूस भरलेला. खाट मधल्या ओसरीत. खाटेच्या या बाजूला संतोषचं दार, त्या बाजूला धाकट्या बंडूचं. घराच्या मधोमध एका विटेची भिंत घातली, तेव्हाच रेशनकार्डं दोन झाली होती, मीटरही दोन. एक ते पंधरा तारखेला मशीनचा प्लग संतोषच्या बोर्डात, सोळा ते तीस बंडूच्या. माणूस जागचा हलायचा नाही, फक्त प्लग हलायचा.

आज एकतीस मे होती.

"बाई, झाले माहे पंधरा," बंडूची पूनम तिच्या दारातून म्हणाली. "प्लग काढू का?"

"काढ ना," सपना म्हणाली. "अन् लाव बी तूच. एकतीस तुही हाय."

"माही काऊन? जानेवारीची एकतीस तुमी केली, मार्चची मी केली. आता मे तुमच्याकडं."

"अन् फेब्रुवारी? सोळा ते अठ्ठावीस. तेराच दिवस केले तू. दोन दिवस तुह्यावर चढते हायेत. मार्चची एकतीस त्यातली एक, आजची दुसरी."

"देवानं फेब्रुवारी लहान केला, त्याले मी काय करू?"

"मंग एकतीस बी देवानंच केली. त्याच्याच घरी लाव प्लग."

दोघी हसत नव्हत्या. सपनाच्या मीटरवर या महिन्याचे एकशे त्र्याण्णव झाले होते, पूनमच्या एकशे पंच्याण्णव. एक आख्खा दिवस दोघींपैकी कुणालाच परवडत नव्हता. माणसं घरी नव्हती. संतोष भाजी घेऊन गुडीहत्नूरला, बंडू आपल्या मालाच्या आटोवर. खाटेच्या पायथ्याशी सासू, भागाबाई, वाती वळत बसली होती. रात्रभर नवऱ्याची पाठ चोळून तिचे डोळे सुजले होते.

बोलले ते अमृतराव. नाकातली नळी बोटानं जरा सरकवून, दोन शब्दांना एक श्वास अशा चालीनं.

"बारा वाजेपर्यंत... तिकडं. बारानंतर... इकडं. चार-चार... युनिट."

दोघींनी मनात बेरीज केली. पूनमचे होणार होते एकशे नव्व्याण्णव, सपनाचे एकशे सत्त्याण्णव, वर घरचं एखादं. बसत होतं. बत्तीस वर्षं गाठी मोजलेल्या माणसाचा हिशेब.

"गाठ... दोघांत फोडता येत नाई," ते म्हणाले. "दिवस... फुटते."

मीटर : १९३, अजून तेच

सव्वाअकराला लाइन गेली.

मे महिन्यात ती जायचीच. सगळ्या गावचे कूलर एकदम लागले की डीपीवर फ्यूज उडायचा. त्यासाठी खाटेखाली ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता. भरलेला सहा तास चालायचा. त्याचा काटा मागच्या दिवाळीत पडून अडकला, तेव्हापासून घरानं आपला काटा काढला होता. सिलिंडर अर्धा तास वापरला की अंगावर खडूची एक रेघ. बारा रेघा झाल्या की तो संपला समजायचा. दहा झाल्या की बंडूनं आटोत टाकून भरून आणायचा.

आज अंगावर दोन रेघा होत्या.

पूनमनं नळी मशीनची काढून सिलिंडरला जोडली. लाइन आल्यावर झटका बसून मशीन जळू नये म्हणून प्लगही उपसला. हे सगळेच करायचे. मग तिनं घड्याळाकडं बघितलं.

"आता येऊन येऊन बाराला येईन लाइन. तवा तुमचीच पाळी," ती म्हणाली. "मी माह्या मावशीकडं जाऊन येते. तिकडं हळद हाय."

जाताना तिनं आपल्या घराचा मेन स्विचसुद्धा खाली केला. फ्रीज रिकामाच होता. सपनानं ते बघितलं आणि मनात म्हणाली, शहाणी.

मीटर : १९३, आणि लाल दिवा लुकलुकायला लागला

बारा वीसला लाइन आली. सपनाच्या घरातला फ्रीज घुरघुरला, पंखा फिरला. ती ओसरीत आली, उंबऱ्यावर पडलेला प्लग उचलला.

अमृतराव डोळे मिटून पडले होते. सिलिंडरला लावलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत होते, एकामागून एक, शिस्तीत. भागाबाई खाटेच्या लाकडाला डोकं टेकवून झोपून गेली होती.

सपना प्लग हातात धरून उभी राहिली.

तिला एक गोष्ट माहीत होती, जी खडूला माहीत नव्हती. अकरा तारखेला, तिच्या स्वतःच्या पाळीत, लाइन चालू असताना तिनं सासऱ्यांना दोन तास सिलिंडरवर ठेवलं होतं. सासू पाण्याला गेली होती. त्या दिवशी सपनानं घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली. मयूरीच्या आत्येभावाचा साखरपुडा होता. इस्त्री ती आणि मशीन तेही, असं दोन्ही एका मीटरवर नको वाटलं. रेघा मारल्या नाहीत. मारल्या असत्या तर पूनमनं विचारलं असतं, लाइन तर होती ना बाई?

म्हणजे खरा हिशेब असा. सहा तासांतला रेघांचा एक गेला. न मारलेल्या रेघांचे दोन गेले. आज सव्वाअकरापासून एक. उरले दोन. ती काही आंधळेपणानं करत नव्हती. तिच्याकडं खरा हिशेब होता.

दीड वाजता लावू, तिनं ठरवलं. तासाला एका युनिटाचा तिसरा हिस्सा वाचतो. तेवढ्यात पोरीला कूलर लावता येईल, उन्हानं तिचं नाक फुटून राह्यलं दोन दिवस.

तिनं प्लग उंबऱ्यावर ठेवला. हळूच ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

अमृतरावांनी डोळे उघडले होते. त्यांनी प्लगकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मामाजी, सिलिंडरात हाय अजून," ती म्हणाली. "दीडला लावते."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की काय म्हणून, ते पुढं तिला कितीदा आठवून बघूनही ठरवता आलं नाही.

मीटर : १९४

आत कूलर चालू होता. वाळ्याचा वास येत होता. मयूरी झोपली. सपना तिच्या बाजूला टेकली, नुसती पाठ टेकली.

(इथं दीड वाजला.)

(इथं दोन.)

मीटर : १९४, थोडे वर

जाग आली तेव्हा दोन वीस झाले होते. ओसरीत जाण्याआधीच तिला बाटलीचा आवाज ऐकू यायला हवा होता. तो येत नव्हता.

बाटलीतलं पाणी स्थिर होतं. भागाबाई तशीच झोपली होती, तिचा एक हात नवऱ्याच्या घोट्यावर. अमृतरावांचं तोंड उघडं होतं. ओठ जांभळे, पिकल्या जांभळासारखे. एक हात खाटेखाली लोंबत होता, उंबऱ्याच्या दिशेनं. प्लग तिथून दोन वीत लांब होता.

सपनानं आधी प्लग लावला. माणसाला हात लावायच्या आधी प्लग. मशीनचा हिरवा दिवा लागला, ते नेहमीसारखं घरघरलं आणि हवा फेकायला लागलं. नळी अजून सिलिंडरलाच होती. मशीन नुसतंच ओसरीत श्वास सोडत राहिलं.

त्या आवाजानं भागाबाई जागी झाली. चेहऱ्यावर बरं वाटल्याची एक छटा आली तिच्या. मशीन चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. मग तिला हाताखालचा घोटा कळला.

मीटर : १९६

लेक रेणुकाबाई मुधोळहून निघाली होती, पण ती पोचेपर्यंत दिवस बुडणार. म्हणजे उचलायचं ते सकाळी. एकतीस मेच्या उकाड्यात. संतोष आणि बंडू दोघं गुडीहत्नूरला गेले आणि बंडूच्या आटोत बर्फाची पेटी घेऊन आले, काचेच्या झाकणाची, मढं ठेवायची. ज्या आटोत सिलिंडर भरायला जायचा, त्यातच.

खाट बाहेर काढली. तिच्या जागी पेटी ठेवली. बंडूनं पेटीची वायर सोडवली. वायर लांब होती, दोन्हीकडं पुरेल इतकी.

"कुठं लावू?" तो म्हणाला.

ओसरीत शेजारपाजारचे वीसेक लोक होते. पूनम तासाभरापूर्वीच आली होती, हळदीची पिवळी बोटं तशीच. ती खाली बघत होती. खाट काढल्यामुळं सिलिंडर उघडा पडला होता. त्यावर दोन रेघा.

पूनम त्या रेघांकडं बघत होती. मग तिनं वर बघितलं, सपनाकडं. तिच्या ओठांची हालचाल झाली, आवाज जेमतेम निघाला.

"तुमी बी?"

सपनाला आधी कळलं नाही. मग कळलं, एकदम, पायाखालून माती सरकावी तसं. पूनमनंही. तिनंही आपल्या पाळीत, कधीतरी, तासभर, रेघा न मारता. आणि तिच्याकडंही तिचा खरा हिशेब होता. म्हणूनच ती निवांत हळदीला गेली होती.

दोघींचे खरे हिशेब एकत्र केले असते तर म्हातारा वाचला असता. पण तो हिशेब कुणाजवळ मांडायचा होता? संतोषनं अजून एवढंच विचारलं होतं, लाइन किती वेळ गेली होती म्हणून. आणि सपनानं सांगितलं होतं, लई वेळ.

"बाई," पूनम म्हणाली, आता मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्याकडं लावू द्या."

"नको," सपना म्हणाली. "आमच्याकडं."

"तुमच्याकडं कूलर हाय. आमच्या मीटरवर काईच चालू नाई."

"म्हटलं ना, नको."

लोकांना वाटलं, सुना चांगल्या आहेत.

भागाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही. "लावा कुठं बी," ती म्हणाली. "सकाळी त्याले दोन दारं दिसली, आता एक बी दिसत नाई."

सपनानं बंडूच्या हातातून वायर घेतली आणि आपल्या बोर्डात लावली.

मीटर : २०१

सकाळी आठला उचललं. माणसं मसणवट्यात गेली, बाया घरी राहिल्या. ओसरी धुतली. पेटी कोपऱ्यात उभी केली होती, तिच्यातून पाणी ठिपकत होतं.

दहाला मीटरवाला आला. आदिलाबादचा तेलुगू माणूस, दर महिन्याला येणारा; त्याला काही माहीत नव्हतं. ओल्या फरशीवर पाय न देता तो कडेनं गेला, दोन्ही मीटरांना आपलं यंत्र लावलं, दोन चिठ्ठ्या फाडल्या. पूनमची शून्याची.

"अम्मा, तुम्हारा एक युनिट जादा हो गया," तो सपनाला म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. "कल एक दिन थोडा देख लेते तो जीरो आता."

तो गेला. सपना चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिली. तक्ता अजून भिंतीवर होता. त्याखाली आता खाट नव्हती.

भागाबाई आतून आली. तिच्या काखेत बोचकं होतं. दोन लुगडी, कंगवा, वातींचा डबा. ती ओसरी ओलांडून सपनाच्या उंबऱ्याशी थांबली.

"आज एक तारीख हाय नं, सपना?"

"हो, आत्याबाई."

"मंग पंधरापर्यंत मी तुह्याकडं." तिनं उंबरा ओलांडला, भिंतीशी बोचकं ठेवलं आणि बसली. वर पंखा फिरत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं.

"बंद कर तो," ती म्हणाली. "मले नाई लागत."

सपनानं बटण बंद केलं. पाती थांबायला बराच वेळ लागला.