शेवटच्या गाडीचा आवाज

देव कुणाला काय भरभरून देईल आणि कुठे हात आखडता घेईल, हे त्याचं त्यालाच ठाऊक. कवळीताईला त्याने नजर घारीची दिली, सबुरी मुंगीची दिली, आणि जिभेवर तेवढा एक अडसर टाकून ठेवला. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि पाहुण्यांसमोर लाजलेल्या पोरासारखा उंबऱ्यातच उभा राहायचा. ओढावा तर आणखी मागे सरायचा.

कवळीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर ती मेणात एकेक दात बसवायची. कामच असं की दिवसभर तोंड उघडलं नाही तरी कुणाचं अडत नाही. "जगाच्या तोंडाची सोय करते आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप!" असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. घरात या दोघीच. आत्याचा जीव दोन गोष्टींत, एक ही भाची आणि दुसरी प्रार्थनाघरातली संध्याकाळची गाणी.

आणि कवळीताईचा जीव होता काफिल्यात. आता काफिला म्हणजे काय, ते सांगायला हवं. हा कॉम्प्युटरवरचा खेळ. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं आपापल्या घरून त्यात उतरतात, मालाच्या गाड्या हाकत डोंगरातला घाट पार करायला निघतात, आणि वाटेत दुसऱ्या टोळ्या लुटायला टपलेल्या असतात. कानाला हेडफोन, तोंडाशी माईक आणि नुसता गलका. या काफिल्याचं एके काळी मोठं नाव होतं. मग जुन्या म्होरक्याला जुळी मुलं झाली. त्याने सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाला, "आता मला घरातलाच घाट चढू द्या. या घाटाचा दगड न् दगड ओळखणारी आपल्यात एकच आहे, काफिला तिच्या स्वाधीन." अशी कवळीताई म्होरकी झाली.

झाली खरी, पण हुकूम ती टाईप करायची. "माझा माईक बिघडलाय," असं तिने पहिल्या दिवशी लिहिलं आणि तो माईक कायमचाच बिघडलेला राहिला. "पुलाआधी थांबा" ही अक्षरं पडद्यावर उमटेपर्यंत निम्म्या गाड्या पुलावर आणि मागची एखादी दरीत. काफिला हरू लागला. हरण्याचं एक वेळ सोडा, खेळात हारजीत चालायचीच. पण नवी आलेली माणसं न सांगता निघून जाऊ लागली, आणि ते तिच्या जिव्हारी लागायचं. पाहुणा जेवणाच्या ताटावरून उठून गेल्यासारखं वाटायचं तिला.

तेव्हा काफिल्यातला लिलाववाला पुढे सरसावला. हा खराखुरा लिलाववाला, घाऊक भाजीबाजारात कोबीचा लिलाव पुकारणारा. मनाने माणूस मोकळा, पण दोन शब्दांमधली फट त्याला सोसवत नसे. "ताई, तू लिही, मी ओरडतो," तो म्हणाला. तेही करून झालं. ती लिहायची "हळू". तो ओरडायचा, "हळू हळू करत काय बसलात, चला रे!"

शेवटी त्याने सगळ्यांसमोर विषय काढलाच. "राग मानू नकोस ताई, पण मुक्या म्होरक्यामागे काफिला चालत नाही. येत्या रविवारी दुपारी घाट चढू. पार झालो तर तू म्होरकी. नाही झालो, तर मला दे."

बाकीच्यांनी दबक्या आवाजात होकार दिला. नव्यांपैकी टिकून राहिलेली एकटी नर्सबाई तेवढी म्हणाली, "अरे, बिचारीला..." कवळीताईने लिहिलं, "मान्य."

तो सगळा आठवडा ती रिकाम्या खोलीत "डावीकडे" म्हणायचा सराव करत होती. "ड... ड..." शब्द जागचा हलेना. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"कुणावर डाफरतेस गं?"

"क-कुणावर नाही."

"लहानपणी तुला दुकानात पाठवायचो, तर साखर-साबण, साखर-साबण असं गात जायचीस. दुकानदार तुला गवयीण म्हणायचा. गाताना कधी अडली नाहीस तू. मग गाऊनच सांग की तुझ्या त्या दरोडेखोरांना!"

"द-दरोडेखोर नाहीत ते. आणि ह-हसतील."

"हसू देत. हसायला का होईना, तोंड तर उघडतील. एकदा तोंड उघडलं की गाणं म्हणायला काय उशीर!"

कवळीताईला हसू आलं. हसणं ओसरल्यावर भीती मात्र होती तिथेच होती.

रविवारी दुपारी सगळे जमले. आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली, म्हणाली, "मला काही कळत नाही, पण मी बसते." गाड्या निघाल्या. घाटाचं पहिलं वळण आलं. पुढून लिलाववाल्याचा आवाज गरजत होता, मध्ये चार जण आपसांत भांडत होते. कवळीताईने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, माईक चालू केला आणि आत्याच्याच एका प्रार्थनेच्या चालीवर गायला लागली,

"डावी वाट धरा हो, डावी वाट धरा,
ओढ्याकाठी दगड आहेत, जपून पुढे सरा!"

मग लिलाववाला खेकसला, "रेडिओ कुणाचा चालू आहे? बंद करा तो!"

"रेडिओ कसला? पडद्यावर ताईचं नाव चमकतंय, बघ ना!"

"अगं बाई, माईक दुरुस्त झाला की काय?" नर्सबाई म्हणाली.

जो तो हसायला लागला. कुणीतरी टवाळी म्हणून तीच ओळ ओढून म्हटली, दुसऱ्याने साथ दिली, आणि बघता बघता सगळा काफिला "डावी वाट धरा हो" करत चेकाळला. कवळीताईचे कान तापले. पण तिने डोळे उघडून पाहिलं तर काय! टवाळी करता करता झाडून सगळ्या गाड्या डावीकडे वळल्या होत्या. तोंडातून जे निघालं, ते हातांनी आपसूक केलं होतं.

मग मात्र ती थांबली नाही. उतार आला की चाल संथ, चढ आला की चाल जलद. ती एक ओळ म्हणायची, मागचे ती उचलायचे. थट्टेचा सूर कधी गळून पडला, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आणि गलका? गळा गाण्यात गुंतला की भांडायला उरतो कुठे!

"पूल आला, थांबा हो, पुलाआधी थांबा!"

ओळ परत आली. पण कवळीताईच्या कपाळावर आठी पडली. कवळी बसवून पाहताना दातांमध्ये रंगाचा पातळ कागद चावायला देतात. ज्यावर रंग उमटत नाही, तो दात टेकत नाही. असा न टेकणारा दात हुडकण्यात तिचा जन्म गेलेला. तिच्या कानाला लगेच कळलं, या ओळीत एक आवाज कमी आहे. नर्सबाईचा आवाज. आणि नर्सबाईची गाडी सगळ्यात शेवटची.

"मागे फिरा, मागे फिरा, नर्सबाई एकटी!"

"अगं, काय करतेस!" लिलाववाला ओरडला. "पूल मोकळा पडलाय! एका गाडीपायी अख्खा काफिला घालवशील!"

वाद घालायला तिच्यापाशी जीभ नव्हती. तिने तीच ओळ त्याच चालीत पुन्हा म्हटली, तसूभरही घाई न करता. मागून दोघा-तिघांनी उचलली. तिने तिसऱ्यांदा म्हटली. तेव्हा बाजार दणाणून सोडणारा तो लिलाववाल्याचा खडा आवाज, बेसूर, पण पहाडासारखा, तिच्या ओळीखाली येऊन उभा राहिला, "मागे फिरा, मागे फिरा, नर्सबाई एकटी!"

सगळ्या गाड्या फिरल्या. मागच्या वळणावर दोन लुटारू नर्सबाईच्या गाडीला भिडले होते. काफिला येताना दिसताच ते पळत सुटले.

"हाक का नाही मारलीस गं?" लिलाववाल्याने विचारलं.

"हाक मारायचं मी केव्हाच सोडलं, दादा. दर वेळी मीच आधी पडते. या गलक्यात कुणाला ऐकू येणार?"

नवी माणसं न सांगता का जात होती, ते त्या दिवशी सगळ्यांना उमगलं. नवा माणूस नेहमी शेवटच्या गाडीवर असायचा.

आणि गंमत अशी की जादा चाकं होती त्याच शेवटच्या गाडीत. पुढच्या चढावर दोन गाड्यांची चाकं निखळली, तर जागच्या जागी नवी बसली. इतके दिवस ती चाकं दरीत जात होती! ऊन कलायच्या आत काफिला घाटापलीकडच्या मैदानात उतरला. माईकवर नुसता जल्लोष झाला. आत्याला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण तिने भाचीच्या कानशिलांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तिचे डोळे भरून आले होते.

"ताई, मी हरलो," लिलाववाला म्हणाला. "म्होरकी तूच. पण एक विचारू? तू नेहमी गाऊनच बोलतेस का?"

उत्तर गाऊन देता आलं असतं. चालही जिभेवर तयार होती. पण हे उत्तर कवळीताईला आपल्या स्वतःच्या जिभेने द्यायचं होतं.

"ना... ना... नाही. मी अ... अ..."

शब्द उंबऱ्यात उभा राहिला. कुणी हसलं नाही. कुणी तो शब्द तिच्या हातातून घेऊन पुरा केला नाही. ज्याला दोन शब्दांमधली फट सोसवत नसे तो लिलाववालाही श्वास रोखून थांबला. एवढा मोठा काफिला एका बाईच्या एका शब्दासाठी मैदानात उभा होता.

"अ-अडखळते. म्हणून म-माईक बिघडलाय म्हणाले. बिघडला न-नव्हता. आता म्हो... म्होरकी मीच राहणार. असं ब-बोलूनही आणि गाऊनही."

"राहा की! कोण नको म्हणतंय!" नर्सबाई म्हणाली, आणि तिच्यामागून सगळेच.

"मग पुढच्या वेळी माझी गाडी कुठे?" लिलाववाल्याने विचारलं. "पुढेच ना?"

"न-नाही. सगळ्यात श-शेवटी. न-नव्या माणसाशेजारी."

"शेवटी? मी?"

"तुमच्याइतका मोठा आ-आवाज कुणाचा आहे, दादा? शेवटची गाडी आहे की न-नाही, ते मला पुढे ऐकू यायला हवं."

मग लिलाववाला छाती फुगवून बाजारात बोली पक्की झाल्यावर ओरडावं तसं ओरडला, "शेवटची गाडी लिलाववाल्याची! दिली!"